मानपाड्याची लाडावलेली जिरेसाळ

संपादकांचा निरोप आला, "दिवाळीच्या खास अंकासाठी तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा." मी कळवलं, की जन्मभर दुसऱ्यांच्या भातात हात घातला, याखेरीज माझ्याजवळ लिहिण्यासारखं काही नाही. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "तेच लिहा." आता वाचकांनी भोगावं आणि संपादकांना बोल लावावा.

कल्याणला बंदरालगत भाताची एक मोठी वखार होती. मिसरूड फुटल्यापासून कमरेत वाक येईपर्यंत मी तिथे दिवाणजी होतो. दिवाणजी म्हटला की कानावर बोरू ठेवून आकडे मांडणारा माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. आकडे मांडायला आमच्याकडे दुसरे होते. माझं काम पारखीचं. बैलगाडी आली किंवा खाडीतून मालाचा पडाव धक्क्याला लागला की पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर भात काढायचं आणि ते कुठल्या मोलाचं हे वखारीच्या शेटना सांगायचं. मी सांगितलेल्या शब्दावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं, त्यामुळे माझ्याशी सगळे फार गोड बोलत. काही जण माघारी माझा उद्धार करत, तेही मला ठाऊक होतं.

पारख करायची म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगतो. दाणे दोन तळव्यांत रगडायचे, तूस फुंकरीने उडवायचं आणि खाली काय राहतं ते पाहायचं. पांढऱ्या तांदळात तांबडे दाणे किती, मोडलेले किती, पोटात पांढरा ठिपका असलेले किती. मग एक दाणा दाढेखाली धरायचा. नीट वाळलेला असेल तर कट्‌कन आवाज येतो. ओला असेल तर मुकाट चेपतो, आणि तो आणणारा शेतकरीही मुकाट उभा राहतो. शेवटी वास. दाणे मुठीत धरून तिच्यात तोंडाची वाफ सोडायची आणि मूठ लगेच नाकाशी न्यायची. माझी बायको म्हणायची, "घरात वरण करपलं तरी तुम्हाला कळत नाही, आणि वखारीत म्हणे तुमचं नाक चालतं!" नाकाचं तसंच असतं. त्याला पगार मिळाला की ते काम करतं.

आमच्याकडे येणाऱ्या भाताच्या जाती किती होत्या, ते आता सांगितलं तर नातवंडांना खोटं वाटतं. खाडीकाठच्या खारवट जमिनीतलं तांबडं, जाडं मुंडं, लवकर पिकणारी हळवी भातं, उशिरा पिकणारी गरवी, पोटभरू पटणी, आणि बारीक, वासाची जिरेसाळ. जिरेसाळीचा दाणा जिऱ्याएवढा. शिजू लागली की शेजारच्या घरातला माणूस विचारतो, आज कोण पाहुणे? ठाण्याचे एक निवृत्त फौजदार दर मोसमात आमच्याकडे यायचे ते फक्त तिच्यासाठी. वखारीच्या मागच्या पडवीत ते मूठभर तांदूळ शिजवायला लावत, पातेल्यावर वाकून डोळे मिटून उभे राहत आणि एक शीतही न चाखता म्हणत, "हेच. बांधा." एका साली आम्ही त्यांना दुसरंच एक बारीक भात दाखवलं, तेव्हा चोर पकडल्यासारखे माझ्याकडे बघत उठून गेले.

पण जिरेसाळ दरवर्षी कमी येत चालली होती. कारण उघड होतं. तिला भाव पटणीच्या दीडपट, पण पीक निम्मं. त्यात ती उंच वाढते, बुटकी राहत नाही. वाऱ्यापावसात कंबर मोडून बसते. शेतकरी म्हणे, वासाचा भाव तुम्ही देता, पण वास मापात भरत नाही. खोटं काय होतं त्यात? वखारीत बसून आम्ही एखाद्या भाताचा भाव जरा पाडला, की दोन-चार वर्षांत ते भात शेतातून उठतं. अशी कितीतरी भातं माझ्या हातून गेली आणि पुन्हा आली नाहीत. त्याचं वाईट वाटतं.

चांगुणाबाईंची आणि माझी ओळख झाली ती जिरेसाळीच्या एका लहानशा पोत्यावरून. या मानपाड्याच्या. डोंबिवली तेव्हा लहानसं गाव, आणि मानपाडा म्हणजे त्याच्या पूर्वेला शेतं नि बांध. चांगुणाबाई नवऱ्याबरोबर गाडीत बसून आल्या होत्या. नवरा हासू, अंगाने आडवा, बोलण्यात तिखट. मी पोत्याला सळई लावणार तोच बाई म्हणाल्या, "दिवानजी, पयलं नाक लावा. दात मंग लावा."

मी मूठ नाकाशी नेली आणि क्षणभर माझा भाव सांगायचा धंदाच विसरलो. तळव्यावर रगडून पाहिलं, तर तांबडा दाणा औषधाला नाही. इतकं निवळ बी मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कुठलं हे बियाणं?"

"माजे माहेरचा, बालकुमचा. माजे आयशीनं लगनात मुडी भरून दिला." मुडी म्हणजे पेंढ्याने घट्ट विणून केलेला बियाण्याचा गोळा. "आता बालकुमाला नाय राहिला. बांध फुटला, खाडीचा पानी शेतान आला. आता तिथं मुंडाच होतं."

"आनि आता आमचे हितं पन नाय राहाचा," हासू बैलांना वैरण टाकत म्हणाला. "येवढा साल. म्होरले साली पटनी लावनार. वास खाऊन प्वाट भरतंय का, दिवानजी? तुमीच बोला."

चांगुणाबाई पुढे झाल्या. पोत्याचं तोंड हाताने दाबून धरून उभ्या राहिल्या. मला एकदम उमगलं, की बाळकुमची ती जिरेसाळ आता फक्त या एका शेतात उरली होती, आणि हासूने पटणी लावली की उरलंसुरलं बी त्यांच्याच चुलीवर शिजून संपणार होतं.

मी स्वभावाने भांडखोर नाही, पण चांगल्या भाताच्या बाबतीत माझा तोल जातो. मी हासूला म्हणालो, "भात बदलू नकोस. पेरणी बदल. हेच भात याच शेतात दीडपट येईल."

"कोन बोलला?"

"मी."

"तुमी कदी नांगर धरला?"

नांगर मी कधीच धरला नव्हता. पण वखारीत बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट साधते. सगळ्या गावांचे शेतकरी त्याच्यापुढे येऊन बसतात. गाडी रिकामी होईस्तोवर तंबाखू मळत बोलतात. कोण राब कसा भाजतो, कोण लावणीला किती रोपं धरतो, कोणाचं शेण पावसात वाहून जातं. हे सगळं माझ्या कानावर पडत असे. लोक इकडच्या चुगल्या तिकडे करतात. मी शेतीच्या चुगल्या करत असे. त्या दिवशी मी हासूला पैज लावल्यासारखं सांगितलं, "एक साल माझ्या म्हणण्याने कर. पटणीइतका पैसा हातात नाही आला, तर तुझ्या शेतात तू काय वाटेल ते लाव. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

हासूने बायकोकडे पाहिलं. तिने पोत्यावरचा हात काढला नव्हता. "एक साल," तो म्हणाला. "मंग बोलाचा नाय."

पुढच्या वर्षीच्या पेरणीआधी मी मानपाड्याला गेलो ते कळव्याच्या पदूला बरोबर घेऊन. पदूचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं आणि अर्धं खाचरात. बियाण्यातले पोचट दाणे काढायची त्याची एक युक्ती होती. मिठागरातलं पाणी मीठ धरण्याइतकं दाट झालं की नाही, हे ते लोक अंडं टाकून बघत. तोच प्रकार पदू घरी बियाण्याला करी. पाण्यात मीठ विरघळवायचं, कोंबडीचं ताजं अंडं सोडायचं. तळाला गेलं तर आणखी मीठ. अंडं वर येऊन रुपयाएवढं तोंड दाखवू लागलं की पाणी तयार. मग त्यात बी ओतायचं. पोकळ दाणा वर तरंगतो, भरलेला बुडतो. वरचा कोंबड्यांना, खालचा शेताला.

ते अंडं पाण्यात सोडायची पाळी माझ्यावर आली. पदूचे हात मिठात होते, चांगुणाबाईंचे बियाण्यात, आणि हासूने पाठीमागे हात बांधले होते. माझ्या सात पिढ्यांत कोणी अंड्याला हात लावलेला नव्हता. धोतराचा सोगा सावरत मी ते दोन बोटांत धरून सोडलं, तर हासूची म्हातारी आई ओटीवर बसून इतकी हसली, की तिला ठसका लागला. "दिवानजी," ती म्हणाली, "आता जेवूनच जावा!"

बी ओतलं तर बरंच वर आलं. चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. आईने दिलेल्या बियाण्यात एवढं पोचट निघावं, हे त्यांना लागलं. पदू म्हणाला, "अगं बाय, पोचट सगल्यांत असतं. तुज्यात कमीच हाय." मग बुडालेलं बी गोड्या पाण्याने धुतलं. धुतलं आणि पुन्हा धुतलं. मीठ राहिलं तर कोंब जळतो, हे पदूने इतक्यांदा बजावलं, की म्हातारी म्हणाली, "आता काय भाताचा रंग जावाचा हाय का?"

राब त्यांनी त्यांच्या रीतीनेच भाजला होता. रोपं टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत, वर बारीक मातीचा थर, आणि उन्हाळ्यात मंद पेटवून द्यायचं. जमीन भुसभुशीत होते, तणाचं बी जळतं. त्यात मी काही ढवळाढवळ केली नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, की त्या राबावर बी विरळ टाका. आमच्याकडे बी इतकं दाट फेकत, की रोपं डोक्यावरच्या केसांसारखी येत आणि तितकीच बारीक राहत. मग लावणीला मूठमूठभर एका जागी खोचायची. विरळ टाकलं तर रोप जाड येतं, चार-पाच रोपांची एक चूड पुरते, आणि ती फुटवे धरते.

खताचा मुद्दा मी सगळ्यात जास्त तोंड वाजवून सांगितला. शेणाचा उकिरडा दारात, उन्हात नि पावसात. अर्धं सत्त्व ऊन खातं आणि अर्धं पाऊस नेतो. शेताला जातो तो नुसता चोथा. तेव्हा खड्डा खणा, सावलीत. गोठ्यातली मुतारीची माती त्यात टाका. आणि हे खत लावणीच्या चिखलात एकदाच द्या, बेताने. "ही उंच वाढणारी जात आहे," मी म्हणालो. "हिला जास्त खायला घातलं, तर ही पानांत माजेल आणि आडवी होईल. लक्षात ठेवा. बेताने."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हासूनेही. लावणीच्या दिवसांत गावातली माणसं बांधावर येऊन हसून गेली, असं मला नंतर कळलं. इतकं विरळ रोप लावलेलं शेत त्यांनी पाहिलं नव्हतं. एकाने म्हणे हासूला विचारलं, "अरे, भात लावतंस का शेंडीचे नारल?"

नारळी पौर्णिमेच्या सुमाराला मी मानपाड्याला गेलो. दुरूनच मला ते शेत ओळखू आलं. शेजारची खाचरं पोपटी होती, आणि मधोमध हे हिरवंकाळं, गच्च, गुडघ्याच्या वर. चुडी अशा फुटल्या होत्या, की मधली जागा दिसत नव्हती. चांगुणाबाई बांधावर उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी मात्र सरळ चिखलात उतरलो. पानं रुंद, मऊ, टोकाला वाकलेली. काडीला हात लावला, तर ती पोकळ आणि लुसलुशीत. पहिल्या जोराच्या सरीला हे सगळं झोपणार होतं. झोपलं, की दाणा चिखलात भरणार, काळा पडणार, आणि हासू पटणी लावणार.

"किती खत दिलंत?" मी विचारलं.

"तुमी बोललाव तेवराच," चांगुणाबाई म्हणाल्या. "बेतानं."

"शक्य नाही."

त्या गोंधळल्या. मी त्यांच्या घरी गेलो. हासू ओटीवर बसून दोर वळत होता, म्हातारी सूप घेऊन निवडत होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "शेतात कोणी काय टाकलं?"

हासूचे हात थांबले. म्हातारीने सुपातला एक खडा फार वेळ शोधला.

मग तीच म्हणाली, "ही रोज शेतान जाऊन त्या भाताशी बोलते. जरा वाड गं बाय, जरा खा गं बाय, माजी लाज राख. मना दया आली. ही माहेरी गेल्ती तवा मी सुकटीचा कुटा टाकला. दोनच टोपल्या." जरा थांबून ती म्हणाली, "तीन."

खाडीकाठच्या माणसाला सुक्या मासळीच्या कुट्याहून जोरकस खत माहीत नाही. नारळीला घातला तर नारळी कलंडेल.

मी हासूकडे वळलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "लोक हसत होती. विरल लावलंय, विरल लावलंय. पीक नाय आला त तिचा नाव जावाचा. म्हनून शेलीच्या लेंड्या टाकल्या. भावकीतनं मागून आनल्या."

"तुला तर पटणी लावायची होती!"

"लावाचीच हाय," तो चिडून म्हणाला. "पन ती म्होरले साली."

मला हसावं की रडावं कळेना. माझा तोल गेला. "हे शेत आहे की लग्नाची पंगत?" मी ओरडलो. "जो उठतो तो वाढून जातो! एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही! बेताने म्हणजे बेताने!" मी असा ओरडत असताना चांगुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सासूने आणि नवऱ्याने आपल्यापासून लपवून काय केलं, ते त्यांना कळलं होतं. त्या रडत होत्या, आणि मला आजवर सांगता येत नाही, की ते रडणं भाताचं होतं का दुसऱ्या कशाचं.

उपाय एक होता, आणि तो मी वखारीत ऐकलेला होता. असं माजलेलं पीक अजून पोटरीत आलं नसेल, म्हणजे कणीस काडीच्या पोटात धरलं नसेल, तर पानांचे शेंडे छाटायचे. भार कमी होतो, वारा खेळतो. आणि खाचरातलं पाणी बांध फोडून काढून टाकायचं, जमिनीला जरा भेगा पडू द्यायच्या. उपाशी ठेवलं की काडी ताठ होते. मी म्हटलं, "विळे काढा. आत्ता."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "विला नाय लागनार."

"का?"

त्यांच्या घरची रीत होती. नवं होईपर्यंत, म्हणजे नव्या भाताची पहिली लोंबी देवापुढे ठेवीपर्यंत, उभ्या शेताला लोखंड लावायचं नाही. शेत तोवर पोटुशी. पोटुश्या बाईवर कोणी विळा धरतं का? मी म्हातारीला समजावलं, हासूला समजावलं, पिकाचं काय होईल ते रंगवून सांगितलं. म्हातारी तसूभर हलली नाही. आणि खरं सांगायचं, तर तिच्या जागी मी असतो तर मीही हललो नसतो. ती रीत त्या जिरेसाळीहून जुनी होती.

"मग?" मी विचारलं. "निजू द्यायचं तिला?"

हासू उठला. दोर खुंटीला अडकवला, आणि शेताकडे चालू लागला. आम्ही मागोमाग. त्याने आधी कुदळीने बांध फोडला. मातीला लोखंड चालतं. पाणी सुटलं. मग कुदळ बांधावर टाकून तो चिखलात उतरला, पहिली चूड डाव्या मुठीत धरली, आणि उजव्या हाताच्या नखांनी पानांचे शेंडे चिमटून तोडले. मग दुसरी चूड. मग तिसरी.

भाताचं पान ज्याने कधी नीट हाताळलं नाही, त्याला सांगायला हवं. त्याच्या कडेला बारीक दाते असतात. दहा-वीस पानांत काही वाटत नाही. शेतभर हात घातला की तळवे चिरतात. चांगुणाबाई त्याच्या शेजारच्या ओळीला लागल्या. म्हातारी कासोटा घालून उतरली, "मीच टाकलाय, मीच काढते," असं पुटपुटत. हसून गेलेली गावातली माणसं पुन्हा बांधावर आली. काय चाललंय ते विचारून घेतलं, आणि त्यातल्या बऱ्याच बायका लुगडी खोचून आत उतरल्या. नखाने शेत छाटलेलं त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. मी काय करत होतो, असं कोणी विचारील. मीही एक ओळ धरली होती. माझी बोटं सळई धरायला सरावलेली, म्हणून माझी ओळ सगळ्यांत मागे राहिली. पण ती मी पुरी केली. कल्याणला परतलो तेव्हा बायकोने हात पाहून विचारलं, "भात मोजलंत की मांजर?"

शेत पुरं व्हायला त्यांना पुढचे काही दिवस लागले. मग हस्ताचा पाऊस आला. तो यायचा तसाच आला, ढोल वाजवत. वखारीच्या पत्र्यावर त्याचा आवाज ऐकत मी बसून होतो आणि शेट मला म्हणत होते, "दिवाणजी, तुमचं लक्ष आज कुठे आहे?"

शेताचा उताराकडचा कोपरा झोपला. बाकीचं वाकलं, पण उभं राहिलं. झोपलेल्या चुडी हासूने उचलून चार-चार एकत्र बांधल्या, पेंढ्यानेच. नवं झालं, पहिली लोंबी देवापुढे गेली, मग विळा लागला. मला हे सगळं निरोपानिरोपाने कळत होतं. किती पिकलं, ते मात्र कोणी कळवलं नाही, आणि मी विचारायला गेलो नाही. भीती वाटत होती.

दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी हासूची गाडी वखारीत आली. चांगुणाबाई बरोबर नव्हत्या. पोती उतरली. मी एकेक पोत्याला सळई लावली. झोपलेल्या कोपऱ्यातलं भात त्याने वेगळं भरून आणलं होतं. ते डागी होतं, आणि ते त्याने मला आधीच सांगितलं. बाकीचं रगडून पाहिलं. दाणा भरलेला, निवळ, आणि वास असा, की पडवीतून शेटच स्वतः उठून आले. तेवढ्या उभ्या राहिलेल्या भागाने मागल्या साली अख्ख्या शेताने दिलं होतं त्याहून जास्त दिलं होतं. शेटनी चांगल्याचा भाव सांगितला, डागीचा सांगितला. हासूने मनातल्या मनात जुळवलं, आणि मीही. पटणी लावली असती तर जे आलं असतं, त्याच्या किंचित वर. किंचितच. एक-दोन पोती इकडची तिकडे झाली असती तर मी पैज हरलो असतो.

मला बोलायचं होतं, की पुढल्या साली कोणी लाड केले नाहीत तर याहून पुष्कळ येईल. पण एका सालानंतर बोलायचं नाही, ही हासूची अट मी मानलेली होती. किंचितच्या फायद्यावर हासू जिरेसाळ ठेवील की पटणीकडे वळेल, काही सांगता येत नव्हतं. मी सळई पुसत राहिलो.

हासू गाडीकडे गेला. वैरणीच्या खाली हात घालून त्याने एक मुडी काढली. नव्या पेंढ्याची, घट्ट विणलेली, विणीत कुठे एक काडी सैल नाही. ती त्याने माझ्यापुढे ठेवली आणि एका अंगाने जरा उकलली. त्याच्या तळव्यांवर, बोटांच्या पेरांवर बारीक पांढऱ्या रेघा उमटलेल्या होत्या.

"ये इकाचा नाय," तो म्हणाला. "बियाचा हाय. तिनं कालच येचून काडला. म्यांच इनला. मना बोलली, तुजे मनानं काय ते कर, लावाचा त लाव." त्याने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "येकेक पान नखानं खुडलाय, दिवानजी. आता दुसरा भात लावला त वलखंल तरी का मना? तुमी फकस्त बगा, बियाला चांगला हाय का."

मी सळई बाजूला ठेवली. मुडीत हात घालून मूठ भरली, रगडली नाही, दाढेखाली धरली नाही. नाकाशी नेली. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझं ते पगारी नाक एकदम भरून आलं, आणि मला कसलाच वास येईना.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

शेट मागून विचारत होते, "दिवाणजी, त्याचा भाव काय लावायचा?" मी त्यांना म्हणालो, त्याला भाव नाही. उभ्या जन्मात हे उत्तर मी त्यांना तेवढं एकदाच दिलं.